दोनशे मिलिसेकंद

"परत बदला म्हणतंय. परवाच बदलला की रे बाबा! बायकोचं नाव झालं, पोरांची झाली, सासुरवाडीचं गाव झालं. आता काय शेजाऱ्याच्या म्हशीचं टाकू?"

रूबेन आवळे हे सगळं दाराला ऐकवत होता. दाराशेजारच्या काचेवर 'नवा पासवर्ड निवडा' अशी ओळ शांतपणे लुकलुकत होती. शलाका मगदूम त्याच्या अगदी पाठीशी, दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन उभी होती.

"म्हशीचं नको," ती म्हणाली. "शेजाऱ्याला ठाऊक असतं."

"ताई, दर पंधरा दिवसांनी बदलायला लावलं की माणसं कागदावर लिहून ठेवतात. पाच वर्षं ओरडतोय मी. घोरपडेसरांचा कीबोर्ड उचलून बघा एकदा."

"बघितलाय."

रूबेन हसला. शलाकालाही एरवी हसू आलं असतं. तीन आठवड्यांपासून मात्र हसू यायची जागा तिला फक्त कळायची. रस्त्यानं जाताना ओळखीचं दुकान बंद दिसावं, तशी.

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. पंचवीस माणसं, आणि काम एकच: स्थिराची राखण. स्थिरा म्हणजे कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत बसवायचं यंत्र. देशभरात अकरा हजार माणसांच्या डोक्यात ते होतं, आणि त्यात बाहेरून कुणी शिरू नये हे बघणं या पंचवीस जणांच्या हाती. रूबेन हल्ला करणारा. म्हणजे पगार घेऊन यंत्रात फटी शोधायच्या आणि सापडली की नाचायचं. शलाका फटी बुजवणारी. सायबर कॅफेत गल्ल्यावर बसता बसता ती हे शिकली होती, पुस्तकं उसनी आणून, चुका करून. कॉलेजचा कागद तिच्याकडं नव्हता. हे तिला कुणी बोलून दाखवत नसे, पण कुणी विसरतही नसे.

मंगळवारी निर्दोष बैठक असायची. ही या धंद्यातली चांगली रीत आहे. काही बिघडलं की सगळ्यांनी बसायचं, काय घडलं ते सांगायचं, पण कुणाचं नाव घ्यायचं नाही. दोष माणसाचा नव्हे, व्यवस्थेचा. भीती नसली की माणसं खरं बोलतात, असा त्यामागचा विचार. ज्याच्या तोंडून नाव निघेल त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे. आठ वर्षांत ऑफिसच्या प्रमुखांनी, घोरपडेसरांनी, सर्वांत जास्त कप विसळले होते, कारण त्यांना मनात काही ठेवता येत नसे.

गेल्या तीन मंगळवारी मात्र एकही कप विसळला गेला नव्हता.

"रेडिओची पोच दहा मीटर," घोरपडेसर भिंतीवरच्या सतारमेकर गल्लीच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाले. "म्हणजे हल्लेखोर गल्लीतच असणार."

"गल्लीत कॅमेरा आहे, सर," रूबेन म्हणाला. "एक शेळी, दोन शाळेतल्या मुली आणि गॅसवाला."

"गॅसवाल्याचं काय?"

"गॅसवाल्याकडं गॅस होता."

कुणीतरी खाकरलं.

"मग मागच्या बोळातून आला असेल," सर म्हणाले. "नोंद खोटं बोलत नाही. पाच दाब, दोन दाबांमधलं अंतर दोनशे मिलिसेकंद, जवळजवळ तंतोतंत. माणसाचं बोट असं चालत नाही. हा प्रोग्रॅम होता. आपल्या राखणदारानं तो पकडला, कुलूप लावलं, आणि तरीही माणूस गेला. म्हणजे आपण कमी पडलो. आता पाचाचे तीन करायचे आणि चाळीस मिनिटांचे चार तास. शुक्रवारी अहवाल जातोय, त्याच दिवशी नवा नियम सगळ्या यंत्रांवर."

"नियमाच्या मालकाची सही लागेल," कुणीतरी म्हणालं.

नियमाची मालक शलाका होती. नाव कुणी घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त तिच्या कपाकडं बघितलं.

आता हा नियम काय होता ते सांगायला हवं.

कंपवात म्हणजे एका सुरात बोलणाऱ्या पेशींचा आजार. मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशींनी एरवी आपापल्या वेळेला बोलायचं असतं. त्या एकदम बोलायला लागतात, सेकंदाला चार, पाच, सहा वेळा, कवायतीतल्या पोरांसारख्या. तो ठेका हातात उतरतो आणि हात थरथरतो. कधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आवाज बसतो. स्थिराच्या केसाएवढ्या दोन तारा तो ठेका ऐकतात आणि नेमक्या मधल्या क्षणाला अगदी हलकी वीज सोडून तो मोडतात. गळ्याच्या हाडाखाली बॅटरी, आणि गळ्यात साखळीला एक चकती. ताप चढला, मोठं चुंबक जवळ आलं, की कधीकधी यंत्राचा नेम चुकतो. मग चकती तीनदा दाबायची, बोट बाजूला घ्यायचं, आणि यंत्र पहिल्यापासून ऐकायला लागतं.

पण जे यंत्र चकतीचं ऐकतं, ते चकतीची नक्कल करणाऱ्याचंही ऐकेल. रूबेननंच ते करून दाखवलं होतं, शेजारच्या टेबलावर बसून, हातात वडापाव घेऊन. म्हणून राखणदार आला: यंत्रात बसलेला छोटा प्रोग्रॅम, आत येणारा प्रत्येक आदेश तपासणारा. आणि राखणदाराचा सर्वांत गाजलेला नियम शलाकाचा. माणसाचं बोट कधी घाई करतं, कधी रेंगाळतं. यंत्राचं तसं नसतं. पाच दाब भराभर आणि सारख्या अंतरानं आले की समजायचं, हे बोट नव्हे. कुलूप. चाळीस मिनिटं बाहेरच्या कुणाचंही ऐकायचं नाही. इतका साधा नियम आजवर कुणाला कसा सुचला नाही, असं लोक म्हणाले. तिला बंगळुरूला भाषणाला बोलावलं. तिनं निळी इरकल नेसून, अडखळत, इंग्रजीत भाषण केलं होतं.

त्या नियमाची चाचणी बाराशे बोटांवर झाली होती. तरुण बोटं, म्हातारी बोटं, डावखुरी बोटं, रुग्णांचीसुद्धा. पण ते सगळे रुग्ण यंत्र चालू असताना बसले होते, शांत, स्थिर हातांनी. यंत्र बंद करून चकती दाबा, असं एकालाही कुणी सांगितलं नव्हतं. ज्या घटकेसाठी चकती बनवली, तेवढी एक घटका सोडून बाकी सगळ्या वेळी ती तपासली गेली.

गेलेला माणूस म्हणजे दस्तगीर मुजावर. सतारमेकर गल्लीत ते तंबोऱ्यांची जवारी लावायचे. तंबोऱ्याची घोडी कानसेनं घासत घासत तारेला गुंजन आणायचं काम. एकदा जास्त घासलं की आवाज मेला. स्थिरा बसल्यावर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते पुन्हा कानस धरू लागले होते. तीन आठवड्यांपूर्वी, ते गेले त्या दिवशी त्यांना ताप होता. तंबोऱ्यासाठी सुकायला ठेवलेला भोपळा काढायला ते शिडीवर चढले. चार वाजून बारा मिनिटांनी चकती पाच वेळा दाबली गेली आणि कुलूप लागलं. सव्वा मिनिटानं पुन्हा सहा दाब. ते राखणदारानं नुसते नोंदवले, ऐकले नाहीत. चार चौतीसला यंत्रातल्या तोल मोजणाऱ्या काट्यानं एक पडझड नोंदवली. मधली बावीस मिनिटं ते शिडीवर उभे होते. कंपवातात आवाज बसतो, हे वर आलंच आहे.

नोंद सर्वांत आधी शलाकानं उघडली होती. एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे तीन, दोनशे, दोनशे एक. तिनं चार आकडे वाचले. तिला काही वाटलं नाही. राग नाही, रडू नाही, हातपाय गार पडणं नाही. तिनं नोंद मिटली, डबा उघडला आणि शेपूची भाजी संपवली. मग हात धुऊन परत आली आणि एका यंत्राचा राखणदार बंद केला. 'सूट: चाचणीसाठी' असं कारण लिहिलं.

ते यंत्र तिच्या वडिलांचं होतं.

*

अण्णा गवार मोडत होते. मिरज जंक्शनच्या केबिनमध्ये तीस वर्षं सिग्नलचे खटके ओढलेला माणूस, पण दोन वर्षांपूर्वी चमचा तोंडापर्यंत नेता येत नव्हता. आता शेंगेचा दोरा असा काढायचे की बघत राहावं. उन्हं उतरली होती. बाल्कनीत कॅरम मांडून ठेवला होता, वरच्या मजल्यावरच्या उपाध्येकाकांसाठी. काकांच्याही गळ्यात चकती होती.

"शलाके, माझ्या फोनवर 'राखणदार: सूट' असं का लिहिलंय?"

"कधी बघितलंत?"

"झाले दोन-तीन आठवडे. म्हटलं, तू सांगशील."

"चाचणी चालू आहे, अण्णा."

"माझ्यावर?"

"हो."

"उपाध्याच्या फोनवर नाही सूट. काल बघितला मी. त्याला चष्मा सापडत नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवलं."

शलाकानं कढई गॅसवर ठेवली. तेल घातलं. मोहरी घातली. तेल तापलंच नव्हतं, मोहरी नुसती पडून राहिली.

"केबिनमध्ये आम्हाला एकच शिकवलेलं," अण्णा म्हणाले. "तार तुटली की सिग्नल आपोआप लाल. काही कळेनासं झालं, की गाडी उभी करायची. उभ्या गाडीतली माणसं आईमाईवरून शिव्या घालतात, पण घरी जातात. तुमच्यात पण तसंच असतंय नव्हं? शंका आली की बंद?"

"तसंच."

"माणूस उभा केल्यावर काय होतंय, ते बघितलं का कुणी?"

अण्णांनी एक शेंग मोडली, दुसरी घेतली, खाली ठेवली.

"त्या दस्तगीरची लेक भेटली होती बाजारात. सांगत होती, अब्बाला हजारदा बजावलेलं, काही झालं तर बटण दाबा. ऐनवेळी घाबरून विसरले म्हणे. रागावल्यागत बोलत होती बापावर. मेलेल्या माणसावर रागावली होती बघ." ते थांबले. "दाबलं होतं का गं त्यानं?"

"तपास चालू आहे, अण्णा."

"बरं."

इतकंच म्हणाले. आपली मुलगी खोटं बोलते आहे हे कळल्यावर अण्णा 'बरं' म्हणत. दहावीच्या निकालाच्या दिवशीही म्हणाले होते. मोहरी अखेर तडतडली. तिनं गवार टाकली, झाकण ठेवलं.

"माझी सूट काढ," अण्णा म्हणाले.

"गप्प बसा हो."

"काढ म्हणतो. नाहीतर उपाध्याला पण दे. आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना. उद्या मी त्याच्यासमोर बसून कॅरम कसा खेळू? त्याच्या गळ्यात कुलूप आणि माझी लेक माझ्यापुरती किल्ली घेऊन आली, हे ठाऊक असताना?"

"तुम्हाला काही झालं तर?"

"तर होईल. पण मला चोरून वाचवू नको."

जिना उतरल्याचा आवाज आला. उपाध्येकाका दारातूनच ओरडले, "मगदूम, आज लाल सोंगटी माझी!" अण्णांनी गवारीचं ताट बाजूला सारलं आणि ते बाल्कनीत गेले. शलाका कढईपाशी उभी राहिली. आपल्याला अपमान वाटायला हवा, हे तिला समजत होतं. ती वाट बघत राहिली. वाटला नाही. भाजी मात्र खाली लागली.

*

गुरुवारी दुपारी रूबेननं तिला जिन्यात गाठलं. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, जिथं मोबाइलला रेंज नसते आणि म्हणून ऑफिसातली सगळी खरी बोलणी होतात.

"सूट यादीत एकच यंत्र आहे, ताई."

"माहीत आहे."

"काल पुसणार होतो ती नोंद. तुमच्यासाठी. मग वाटलं, पुसली तर मी पण त्यातलाच."

"पुसू नकोस."

तो पायरीवर बसला. गडी सहा फुटी, गुडघे हनुवटीशी आले.

"तीन आठवडे त्या बोळातून फिरतोय मी," तो म्हणाला. "रेडिओ घेऊन, लॅपटॉप घेऊन. लोकांना वाटलं, मी टीव्ही दुरुस्त करणारा. हल्ला मलाच करून बघायचा होता, नेमका तसा. नाही जमला. माझा प्रोग्रॅम फार तंतोतंत येतो, ताई. दोनशे, दोनशे, दोनशे, दोनशे. त्या नोंदीत एक आकडा दोनानं कमी, एक तिनानं जास्त. माझ्या आत्याला होता हा आजार. वाटीवर चमचा वाजायचा तिचा." त्यानं जिन्याच्या कठड्यावर बोटानं पाच वेळा टकटक केली आणि हात खिशात घातला. "असा."

शलाकानं त्या कठड्याकडं एकदा बघितलं.

"मग बैठकीत का गप्प असतोस?" शलाकानं विचारलं.

"कारण पुढं काय ते मला माहीत नाही. समजा ठरवलं, असे दाब आले की दार उघडायचं. उद्या माझ्यासारखा कुणी वीस ओळी लिहील, थरथर करणारा प्रोग्रॅम. थोडं मागं, थोडं पुढं. राखणदार म्हणेल, या काका. अकरा हजार डोकी उघडी, ताई. मग त्यातला एक गेला की तो माझ्या डोक्यावर."

"आणि बंद ठेवलं तर?"

"तर कोण कधी गेलं ते कळणारही नाही. प्रत्येक वेळी हल्लेखोर असेल. आपण प्रत्येक वेळी कुलूप मोठं करू." तो उठला, पँट झटकली. "आमच्या धंद्यात शत्रू लागतोच, ताई. नसला तर चैन पडत नाही."

"घोरपडेसरांना कळलं असेल?"

"सर डॉक्टरांच्या घरातले आहेत. दोनशे मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला पाच, आणि कंपवाताचा हात सेकंदाला किती वेळा हलतो ते त्यांना आपल्याआधी माहीत. तुम्हीच सांगा."

वर कुणीतरी दार उघडलं, काचेनं पासवर्ड मागितला, आणि शिव्यांची एक बारीक लड जिन्यातून खाली आली.

*

शुक्रवारी सकाळी अण्णा आंघोळीला गेले असताना शलाकानं सूट काढली. त्यांच्या फोनवर हिरव्या अक्षरांत 'राखणदार: चालू' असं उमटलं. आता शुक्रवारचा नियम लागला, की इतरांसारखंच अण्णांनाही चार तासांचं कुलूप. ती फोन हातात धरून बसली. न्हाणीघरात अण्णा काहीतरी गुणगुणत होते. तिनं फोन त्यांच्या उशीपाशी ठेवला आणि ऑफिसला निघाली.

अकराच्या बैठकीत सगळे जण वेळेवर आले होते, हेच मुळात अशुभ. घोरपडेसरांनी दाढी नीट केली नव्हती. अहवाल चौदा पानांचा होता. त्यात हल्लेखोराला एक नावही दिलं होतं, धंद्यात देतात तसं, एका पक्ष्याचं.

"शेवटी कुटुंबाला पाठवायचं पत्र आहे," सर म्हणाले. "वाचतो." त्यांनी चष्मा लावला. "'आपल्या वडिलांच्या यंत्रावर अज्ञात व्यक्तीनं बाहेरून हल्ला केल्याची दाट शक्यता आमच्या तपासात दिसून आली आहे. आमच्या संरक्षण प्रणालीनं हा हल्ला ओळखून यंत्र तात्काळ सुरक्षित केलं. दुर्दैवानं त्याच दरम्यान...'" ते थांबले. "पुढचं नेहमीचंच."

खालच्या रस्त्यावर एक ॲम्ब्युलन्स ओरडत गेली. या रस्त्यावर दिवसातून चाळीस वेळा जाते, कुणी मान वळवत नाही.

"मला वाटतं, घरच्यांनाही जरा बरं वाटेल," सर हळू आवाजात म्हणाले. ते खरंच चांगले गृहस्थ होते. "कुणीतरी केलं, असं कळलं तर. नुसते पडले, यापेक्षा."

"त्यांच्या मुलीला वाटतंय की ते चकती दाबायला विसरले," शलाका म्हणाली.

"म्हणजे?"

"बापावर रागावली आहे ती."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मग या पत्रानं तोही राग जाईल. हल्ल्यापुढं कोण काय करणार?" त्यांनी अहवाल टेबलावरून सरकवला. कागद तिच्यासमोर येऊन थांबला. "सही तेवढी. दुपारी नवा नियम सोडायचा आहे."

शलाकानं पेन उचललं. आपल्या बोटांकडं बघितलं. ती अगदी स्थिर होती, आणि तिला पहिल्यांदाच त्या स्थिरपणाची शिसारी आली. समोर रूबेन टेबलाच्या कडेकडं बघत होता. जिन्यात त्यानं बोलून दाखवलेली भीती खरी होती. पुढं काय करायचं, थरथरणाऱ्या हाताला आत घ्यायचं आणि नक्कल करणाऱ्याला बाहेर ठेवायचं ते कसं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. महिने लागतील. कदाचित जमणारही नाही. तोवर अण्णा असतील, उपाध्येकाका असतील, नावं माहीत नसलेले अकरा हजार असतील.

"सर, पाचाचे तीन केले तर आणखी माणसं मरतील," ती म्हणाली.

"शलाका, अगं, हल्लेखोर..."

नाव घेतलं गेलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

"गल्लीत कुणी नव्हतं, सर. बोळातही नव्हतं. हे तुम्हाला माहीत आहे, रूबेनला माहीत आहे, मला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे." तिनं पेन खाली ठेवलं. "चकती दस्तगीर मुजावरांनी दाबली. अकरा वेळा. तो त्यांचाच हात होता, थरथरणारा. माझ्या नियमाला तो माणसाचा वाटला नाही. ते हल्ल्यानं गेले नाहीत, सर. आपण लावलेल्या कुलपानं गेले."